अल्फा कण एक सेकंद तरी आत थांबायला हवा

फ्युजनची, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढायच्या प्रयत्नांची, बातमी आपल्याकडे नेहमी सेकंदांतच येते. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या ईस्ट नावाच्या यंत्राने १०६६ सेकंद प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला तापलेला वायू, धरून ठेवला, पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या वेस्टने १३३७ सेकंद धरला, आणि दोन्ही वेळा आमच्या स्टाफरूमपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत 'कृत्रिम सूर्य पेटला' असं फिरत राहिलं. आनंद मलाही झाला. इतक्या तापलेल्या वायूला बावीस मिनिटं भिंतीपासून लांब ठेवायचं म्हणजे खायचं काम नाही. पण मी बारावीला फिजिक्स शिकवते, आणि मुलं लगेच विचारतात की मॅडम मग वीज कधी, तेव्हा मला सांगावंच लागतं की बाळांनो, या दोन्ही यंत्रांतला प्लाझ्मा बाहेरून रेडिओ लहरी, मायक्रोवेव्ह वगैरे सोडून तापवलेला होता, त्यात फ्युजनची स्वतःची उष्णता जवळपास नव्हतीच. स्वतःच्या उष्णतेवर जळणारा प्लाझ्मा टोकामॅकमध्ये, म्हणजे मॅग्नेटिक फील्डने प्लाझ्मा धरून ठेवणाऱ्या अशा यंत्रात, अजून कुणीही पाहिलेला नाही.

तो का नाही पाहिला, आणि पाहायला मिळेल तेव्हा काय काय होऊ शकतं, यावर मला बरेच दिवस लिहायचं होतं. कारण या सगळ्या गोष्टीत एक पात्र आहे ज्याचं नाव बातम्यांत कधीच येत नाही आणि माझ्या मते सगळं त्याच्यावरच अडलंय. अल्फा कण.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचीच दोन जड रूपं, एकमेकांना भिडली की हेलियमचं केंद्रक बनतं आणि एक न्यूट्रॉन सुटतो. एकूण १७.६ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट (इलेक्ट्रॉन व्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक, मेगा म्हणजे दहा लाख) ऊर्जा निघते, त्यातली १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो. न्यूट्रॉनवर चार्ज नसतो त्यामुळे मॅग्नेटिक फील्ड त्याला अडवू शकत नाही, तो सरळ बाहेर जाऊन भिंतीमागच्या थरात आदळतो, आणि पुढे कधी वीज बनली तर ती मुख्यतः त्या उष्णतेतून बनेल. उरलेले ३.५ हेलियमच्या केंद्रकाकडे, म्हणजेच अल्फा कणाकडे. पाचातला एक हिस्सा. आतला जाळ चालू ठेवायचं काम या एका हिश्श्याचं, कारण अल्फावर चार्ज आहे, तो फील्डमध्ये अडकून राहतो आणि आजूबाजूच्या इलेक्ट्रॉन-आयनांना धडका देत देत आपली ऊर्जा तिथेच सोडतो. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराशला जो ईटर नावाचा आंतरराष्ट्रीय टोकामॅक बांधला जातोय त्याचं ठरलेलं उद्दिष्ट ५०० मेगावॉट फ्युजन, बाहेरून द्यायची उष्णता ५० मेगावॉट. ५०० चा पाचवा भाग म्हणजे १०० मेगावॉट अल्फांकडून. म्हणजे प्लाझ्माला मिळणाऱ्या १५० पैकी १०० घरचे आणि ५० बाहेरचे. आजवरच्या कुठल्याही टोकामॅकमध्ये हे प्रमाण असं नव्हतं. इंग्लंडच्या जेटने १९९७ मध्ये १६ मेगावॉटचा उच्चांक केला तेव्हा अल्फांचा वाटा तीन मेगावॉटच्या जरा वर होता आणि बाहेरून वीसच्या वर मेगावॉट ओतत होते.

आता हा अल्फा जन्मतो तेव्हा कसा असतो ते बघा. प्लाझ्माचं तापमान १५ कोटी डिग्री, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट, पण त्यातल्या साध्या आयनाची ऊर्जा १०-२० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात. अल्फाची ३५ लाख. शेकडो पट. वेग सेकंदाला साधारण १३,००० किलोमीटर. ईटरची पोकळी म्हणजे गोल वळवून दोन्ही टोकं जोडलेली जाड नळी, तिची मधली त्रिज्या ६.२ मीटर, म्हणजे एक फेरी एकोणचाळीस मीटरची, त्यामुळे शांत व्हायच्या आधी हा कण आत लाखभर तरी फेऱ्या मारतो. शांत व्हायला साधारण सेकंदभर लागतो. बाकीचे आयन फील्डच्या रेषेभोवती काही मिलिमीटरच्या गिरक्या घेतात, याची गिरकी पाच सेंटिमीटरची. संख्येने म्हणाल तर एक टक्क्याच्या आसपास, पण प्लाझ्माच्या दाबात यांचा वाटा त्याच्या कितीतरी पट जास्त.

वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, एवढं गरम झालंय आणि अल्फा पण आत आहेत, मग आपोआप चालू का नाही राहत?" मी त्या तासाला उष्णता कशी निसटते ते सांगितलं, टर्ब्युलन्स, रेडिएशन वगैरे, तेवढं बारावीला पुरतं. पण तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्या पुढे आहे आणि ते मला जास्त ओढून घेतं. अल्फा एक सेकंद आत थांबले तर चालू राहील. आणि त्यांनी थांबू नये अशी व्यवस्था ते स्वतःच करू शकतात.

हे नीट सांगते, घाई नको.

मॅग्नेटिक फील्डच्या रेषा प्लाझ्मामध्ये ताणलेल्या असतात, त्यांना वस्तुमान चिकटलेलं असतं, त्यामुळे त्या थरथरू शकतात आणि त्यांच्यावरून लाट धावू शकते. १९४२ मध्ये स्वीडनच्या हान्स आल्फ्वेन यांनी हे एका छोट्याशा टिपणात मांडलं, सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही, १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या लाटेचा वेग फील्ड किती जोरदार आणि प्लाझ्मा किती दाट यावर ठरतो. ईटरच्या ५.३ टेस्लाच्या फील्डला आणि तिथल्या घनतेला हिशोब केला तर सेकंदाला सात हजार किलोमीटरच्या आसपास येतो. अल्फा जन्मतो तेरा हजारांवर आणि थांबतो जवळपास शून्यावर येऊन. म्हणजे वाटेत कुठेतरी त्याचा वेग लाटेच्या वेगाशी जुळणारच! याला टाळता येत नाही, ते आकडेच तसे आहेत. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी वहीत दोन्ही वेग परत परत काढून पाहिले होते, इतकं ते अचूक अडचणीच्या जागी येऊन बसलंय.

वेग जुळला की काय होतं? आपल्या कुणाही मुंबईकराला हे अंगाने माहीत आहे. सुटलेल्या लोकलबरोबर प्लॅटफॉर्मवर धावणारा माणूस आठवा (आणि कृपा करून कुणी हे करू नका, मी वर्गात पण सांगते). गाडी खूप वेगात आणि तो हळू असेल तर दांडा हातातून निसटतो, देणंघेणं काहीच होत नाही. पण दोघांचा वेग जवळपास सारखा असेल तर हात दांड्यावर बराच वेळ राहतो, आणि मग तो जरासा मागे पडत असेल तर गाडी त्याला ओढते, जरासा पुढे असेल तर तोच गाडीला ढकलतो. लाट आणि कण यांचं हेच. लाटेपेक्षा किंचित जलद कण लाटेला ऊर्जा देतात, किंचित हळू असलेले घेतात. लेव्ह लांडाऊ यांनी १९४६ मध्ये याचं गणित मांडलं. साध्या गरम प्लाझ्मामध्ये हळू कण जास्त असतात, त्यामुळे एकंदरीत लाटच विझते.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग अल्फांतही मंदावत आलेले जास्त, जलद कमी, तर लाट विझायलाच हवी. बरोबर आहे, फक्त वेगाचाच हिशोब असता तर विझलीच असती. पण नळीसारख्या त्या पोकळीत ऊर्जेची देवाणघेवाण जागेशी बांधलेली आहे, आणि मला या सगळ्या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. फिरत्या लाटेशी जुळलेला कण लाटेला थोडी ऊर्जा देतो तेव्हा त्याच वेळी तो बाहेरच्या बाजूला थोडा सरकतो, ऊर्जा घेतो तेव्हा आत सरकतो. दोन्ही एकाच नियमात अडकलेलं, एक झालं की दुसरं होतंच. आणि अल्फा कुठे जन्मतात? मधोमध, जिथे सगळ्यात गरम आणि दाट आहे तिथे. मध्ये खूप, कडेला जवळजवळ नाहीत. मग लाटेमुळे आतून बाहेर जाणारे बाहेरून आत येणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त निघणार, म्हणजे देणारे जास्त आणि घेणारे कमी. लाट वाढते. वाढली की आणखी बाहेर ढकलते. अल्फांचा मधला ढीग जितका उंच, म्हणजे फ्युजन जितकं चांगलं चाललंय, तितकी लाटेला जास्त ताकद.

तरी एक प्रश्न उरतो. प्लाझ्मामध्ये प्रत्येक थराची घनता वेगळी, फील्डचा पीळ (रेषा नळीभोवती किती गुंडाळत जातात ते) वेगळा, त्यामुळे प्रत्येक थर स्वतःच्याच फ्रिक्वेन्सीने थरथरतो आणि कुठलीही मोठी लाट काही क्षणांत विस्कटून जाते. सरळ नळीत हे पुरेसं आहे, लाट टिकतच नाही. पण नळी वळवून जोडली की आतल्या बाजूला फील्ड जोरात आणि बाहेरच्या बाजूला कमजोर होतं. एका फेरीत लाटेला हा चढउतार दर वेळी लागतो, शेजारशेजारच्या दोन लाटा त्याच्यामुळे एकमेकींत गुंततात, आणि फ्रिक्वेन्सीच्या त्या सलग पट्ट्यात एक रिकामी फट तयार होते. क्रिस्टलमध्ये इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेला बँड गॅप पडतो, बारावीचं शेवटचं प्रकरण, त्याच प्रकारचं हे गणित. त्या फटीत एक लाट राहू शकते जी विस्कटत नाही. १९८५ च्या सुमाराला प्रिन्स्टनच्या सैद्धांतिक मंडळींनी, चेंग, चेन आणि चान्स यांनी, हे दाखवलं. तिला टोरॉइडल आल्फ्वेन आयगनमोड म्हणतात, या क्षेत्रातले लोक सरळ टीएई म्हणून मोकळे होतात. १९९१ मध्ये ती प्रयोगातही सापडली, अमेरिकेतल्या टीएफटीआर आणि डी-थ्री-डी या दोन यंत्रांत.

आमच्याकडे चेंबूरला राहणाऱ्यांना ट्रॉम्बेचं एक वेगळंच आहे. बसस्टॉपवर उभं राहिलं की निम्मी माणसं बीएआरसीची, घारापुरीच्या लाँचमधून तो सायरस रिॲक्टरचा घुमट दिसतो आणि बाबा-काका कुणीतरी मुलांना बोट दाखवून सांगतच असतं. होमी भाभांनी ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला, अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना सांगितलं होतं की पुढच्या दोन दशकांत फ्युजनची ऊर्जा ताब्यात घ्यायचा मार्ग सापडेल. १९७५ गेलं, २०२५ पण गेलं. या वाक्यावर हसणारे लोक मला भेटतात आणि मला ते पटत नाही. १९५५ मध्ये आल्फ्वेनची लाट माहीत होती, पण वळवलेल्या नळीत ती फटीत जाऊन बसते आणि फ्युजनमधूनच जन्मलेले कण तिला फुगवतात हे कळायला आणखी तीस वर्षं लागली. आणि ते कळायला आधी तेवढा गरम, तेवढा स्वच्छ प्लाझ्मा बनवावा लागला. आधीच्या काळात तर साधा प्लाझ्माच मिलिसेकंदात हातचा जायचा, त्यामुळे पुढची अडचण दिसायलाही जागा नव्हती.

पहिला मोठा धडा अल्फांनी दिला नव्हता, बाहेरून सोडलेल्या जलद आयनांनी दिला. प्लाझ्मा तापवायचा एक मार्ग म्हणजे जलद अणूंचा झोत आत मारायचा, ते आत गेले की चार्ज होतात आणि अडकतात. १९८३ मध्ये प्रिन्स्टनच्या पीडीएक्स यंत्रात असा झोत फील्डला जवळपास काटकोनात मारत होते. फील्ड मोजणाऱ्या कॉइलमधून येणाऱ्या सिग्नलमध्ये थोड्या थोड्या वेळाने एक झटका दिसायचा, आधी वाढणारा मग ओसरणारा, कागदावर अगदी माशाच्या काट्यासारखा, म्हणून त्याला फिशबोन नाव पडलं. प्रत्येक झटक्याला जलद आयन बाहेर फेकले जात होते, आणि हिशोब लावला तर झोताने दिलेल्या पॉवरमधली २० ते ४० टक्के अशी वाया जात होती. म्हणजे बाहेरून पैसे खर्चून, मेहनत करून आत ढकललेले कण, ऊर्जा देण्याआधीच गायब. पुढच्याच वर्षी चेन, व्हाइट आणि रोझेनब्लूथ यांनी त्याचं कारण मांडलं. काही कण फील्डच्या कमजोर बाजूला अडकून केळ्याच्या आकाराच्या कक्षेत मागेपुढे करतात, ती केळी हळूहळू पूर्ण नळीभोवती सरकत असतात, आणि त्या सरकण्याचा वेग प्लाझ्माच्या गाभ्यातल्या एका हेलकाव्याशी जुळतो. परत तेच, वेग जुळणं.

आता टीएफटीआरची गोष्ट, ही मला सगळ्यात आवडते आणि हिच्यावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे. डिसेंबर १९९३ मध्ये तिथे ड्युटेरियम-ट्रिटियमचं निम्मं-निम्मं मिश्रण पहिल्यांदा पेटवलं, १९९४ मध्ये १०.७ मेगावॉटपर्यंत गेले. सगळ्यांना धास्ती की आता अल्फा टीएई उठवणार. सोपं गणित तसंच सांगत होतं. आणि जोरात चाललेल्या त्या प्रयोगांत लाट उठलीच नाही. लोक चक्रावले असतील. हळूहळू कळलं की अल्फा ढकलत होते, पण तापवायला सोडलेल्या झोताचे आयन आणि गरम प्लाझ्मा तितक्याच जोराने लाट विझवत होते. मग त्यांनी काय केलं, तर प्लाझ्माच्या मध्यावर फील्डचा पीळ असा ठेवला की लाटेला सोयीचं पडेल आणि झोतच बंद केला. झोताचे आयन लवकर मंदावतात, अल्फा जरा उशिरा. मधल्या त्या छोट्याशा अवधीत विझवणारे गेलेले असतात आणि उठवणारे अजून आहेत. झोत बंद झाल्यावर सेकंदाच्या एक-दोन दशांशांनी सिग्नलमध्ये लाट वर आली. १९९७ मध्ये ते छापून आलं, त्याच वर्षी टीएफटीआर बंद झालं. एखादी गोष्ट दिसत नाही म्हणून ती नाहीच असं न धरता, तिला झाकणारी दुसरी कुठली गोष्ट आहे ते शोधायचं आणि ती नेमकी काढून घ्यायची, मला हे प्रयोगातलं फार मोठं शहाणपण वाटतं. जेटच्या शेवटच्या ट्रिटियमच्या प्रयोगांतही हीच झोत बंद करून वाट बघायची युक्ती वापरली.

एमएस्सीला कालिनाला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण पुढे प्लाझ्मामध्येच गेली. मध्यंतरी ती मुंबईत आली होती, आम्ही माटुंग्याला इडली खात बसलो होतो, आणि मी तिला म्हटलं, "अगं, पण लाट केवढीशी असते ना, मूळ फील्डच्या हजारात एक, कधी त्याहूनही कमी. तेवढ्याने कण बाहेर कसा जाईल?" ती म्हणाली, "एका लाटेने नाही जात गं. एक लाट कणाला तिच्या पट्ट्यात थोडा इकडे थोडा तिकडे हलवते, बस. तू दोन लाटांचा विचार कर." मग टिश्यूवर काढून दाखवलं. प्रत्येक लाटेचा एक अरुंद पट्टा असतो, जिथे वेग जुळतात. पट्टे एकमेकांपासून लांब असतील तर कण आपापल्या पट्ट्यात अडकून राहतो, फारसं नुकसान नाही. लाटा मोठ्या झाल्या किंवा संख्येने वाढल्या की पट्टे एकमेकांवर चढतात, आणि मग कण एका पट्ट्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, वाट चुकल्यासारखा भटकत थेट कडेपर्यंत जाऊ शकतो. "आणि ईटरमध्ये," ती म्हणाली, "यंत्र मोठं, गिरकी त्या मानाने लहान, म्हणजे एकदम पाच-सहाच मोड, म्हणजे अशा टिकणाऱ्या लाटा, नाही उठणार, खूप उठू शकतात, छोटे छोटे. चिंता ती आहे."

हे बोलणं माझ्या डोक्यात राहिलं कारण मी तोवर एकच मोठी लाट येईल आणि सगळं उडवेल असं चित्र घेऊन बसले होते. प्रत्यक्षात प्रकार बरेच आहेत. कधी लाट वाढता वाढता थांबते आणि कण शांतपणे थोडे थोडे झिरपत राहतात. कधी तिची फ्रिक्वेन्सी मिलिसेकंदात सरकत खाली जाते आणि ती पकडलेल्या कणांचा एक गठ्ठाच बरोबर ओढून नेते, याला चर्पिंग म्हणतात आणि याचं गणित बर्क आणि ब्राइझमन यांनी १९९७ च्या सुमाराला बसवलं. कधी एका मोडने सरकवलेले कण दुसऱ्या मोडच्या जागी जाऊन तिथला उतार तीव्र करतात, तो उठतो, तो पुढच्याला उठवतो, आणि एकाच झटक्यात मोठा ढीग कोसळतो. डी-थ्री-डीवर २०१६ मध्ये एक फार बोलकी गोष्ट मोजली गेली. झोताची पॉवर वाढवत नेली तर एका हद्दीपर्यंत आतले जलद आयन वाढत गेले, आणि हद्द ओलांडल्यावर वाढवलेलं सगळं जवळपास तसंच बाहेर. ढिगाचा उतार त्या एका कोनावर अडून बसला, पुढे जाईचना. ईटरमधल्या अल्फांना अशी हद्द लागली तर ती किती उंचीवर असेल, हा माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. प्लाझ्मा किती सेकंद टिकला यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा.

आणि बाहेर जाणारे कण नुसते वाया जात नाहीत. ते कुठेतरी आदळतात. ३५ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे कण भिंतभर सारखे पसरून आदळले तर एक वेळ चालेल, पण फील्ड बनवणाऱ्या कॉइलांमध्ये फटी असतात, तिथे फील्ड थोडं ढिलं पडतं, आणि निसटलेले कण तिथेच जमून एका छोट्या जागेवर मार देतात. टीएफटीआरवर १९९० च्या दशकात, अल्फा नव्हे तर रेडिओ लहरींनी तापवलेले जलद आयन, टीएईने ढकलले आणि अशाच जागी आदळून भिंतीला इजा झाली, व्हॅक्युम गळायला लागला. म्हणून आता भिंतीजवळ निसटत्या आयनांसाठी खास डिटेक्टर बसवतात, कण चमकणाऱ्या प्लेटवर पडला की कुठे पडला त्यावरून त्याची ऊर्जा आणि कोन दोन्ही कळतात.

पण हे कण म्हणजे नुसता उपद्रव असं माझ्या लिहिण्यातून वाटायला नको. ते चूक ठरेल. प्लाझ्माच्या गाभ्यात तापमान हळूहळू वाढून एकदम पडतं, परत वाढतं परत पडतं, आलेख करवतीच्या दातांसारखा म्हणून त्याला सॉटूथ म्हणतात, १९७४ पासून माहीत आहे. जलद आयन असले की हे पडणं लांबतं, गाभा जास्त वेळ शांत राहतो. (लांबल्यावर जेव्हा पडतं तेव्हा फार जोरात पडतं, जेटवर त्याला मॉन्स्टर सॉटूथच म्हणायचे, ते एक आहेच.) आणि २०२२ मध्ये जेटवरच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरातले आयन गाभ्यात असताना अशा लाटा उठल्या, आणि त्यांच्यामुळे उष्णता चोरणारा बारीक टर्ब्युलन्स उलट दबला, प्लाझ्मा जास्त चांगला तापला. म्हणजे मध्यम आकाराची लाट कामाची सुद्धा असू शकते. मैत्रीण म्हणते की म्हणूनच आता लाटा शून्य करायच्या यावर कुणी अडून बसत नाही, फील्डचा पीळ बदलून, मायक्रोवेव्ह नेमक्या जागी मारून, हव्या तेवढ्याच ठेवायचा प्रयत्न चालू आहे. डी-थ्री-डीवर तसं मायक्रोवेव्ह मारून काही मोड दाबून दाखवलेतही.

सगळ्यात अवघड काय असेल तर हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असणं. आजच्या यंत्रांत उष्णता बाहेरून येते, तिची कळ माणसाच्या हातात आहे. ईटरमध्ये दोन तृतीयांश उष्णता अल्फांची, अल्फा किती ते तापमानावर, तापमान कुठे किती ते उष्णता कुठे पडते त्यावर, ती कुठे पडते ते लाटांनी अल्फांना कुठे सरकवलं त्यावर, आणि लाटा उठणार की नाही ते परत अल्फांच्या ढिगावर. कम्प्युटरवर याचे तुकडे तुकडे फार बारकाईने सोडवता येतात, पण पूर्ण साखळी ताडून बघायला तसा प्लाझ्माच हवा आणि तो अजून नाही. ईटरचं नवीन वेळापत्रक २०२४ मध्ये आलं, त्यात संशोधनाची सुरुवात २०३४ आणि ड्युटेरियम-ट्रिटियम २०३९. त्यात आपलाही हिस्सा आहे, भारत सात सदस्यांपैकी एक, साधारण ९ टक्के वाटा, यंत्राला बाहेरून वेढणारा तीस मीटरच्या आसपास उंचीचा क्रायोस्टॅट सुरतजवळ हाजिराला बनून जहाजाने गेला. वर्गात हे सांगितलं की मुलं एकदम सरळ बसतात, आणि बसावंच. आज बारावीत असलेलं पोर २०३९ मध्ये तिशी ओलांडलेलं असेल, म्हणजे पीएचडी करून, कामात मुरून, नेमकं त्या कंट्रोल रूममध्ये बसायच्या वयाचं. गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य टोकामॅक १९८९ पासून आहे, म्हणजे सुरुवात करायला परदेशीच जायला हवं असंही नाही.

एक गोष्ट राहिली आणि ती मला अलीकडेच नीट समजली. अल्फा एक सेकंद आत थांबायला हवा, पण त्यानंतर तो आत नकोच आहे. ऊर्जा देऊन झाली की तो साधा हेलियम, राख. ती साठत गेली तर ड्युटेरियम-ट्रिटियमची जागा खाते, इंधन पातळ होतं आणि जाळ मंदावतो. म्हणजे ताजा अल्फा आत ठेवायचा, थकलेला बाहेर काढायचा, आणि दोघे एकाच पोकळीत एकमेकांत मिसळलेले. फरक फक्त वेगाचा. सॉटूथच्या झटक्यांनी गाभ्यातली राख बाहेर काढायला मदत होते, मग ते झटके अगदी बंद करायचे नाहीत, थोडे थोडे आणि लहान लहान होऊ द्यायचे. लाटा वेग बघूनच कण पकडतात, त्यामुळे मंदावलेल्या, पण अजून पूर्ण थंड न झालेल्या अल्फांशीच जुळेल आणि ताज्यांना हात लावणार नाही अशी लाट मुद्दाम उठवता येईल का, हा विचारही या क्षेत्रात जुना आहे. मी मैत्रिणीला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "कागदावर येते गं. पण आधी राख होईल एवढे अल्फा तरी मिळू देत, मग तिला झाडायचं बघू."